चिंच होती तिथून

मानाग्वात रस्त्यांना नावं नाहीत.
म्हणजे असतील, कुठल्याशा सरकारी फायलीत,
पण त्या नावानं मला आजवर कुणी बोलावलं नाही.

मी नोर्विन. मोटरसायकलवरून सामान पोचवतो.
हँडलला रबरानं बांधलेला फोन,
काच फुटकी, तडा नेमका तळ्यावरून जातो.
आतली बाई माद्रिदकडची असावी,
बोलताना तिची जीभ दातांत अडकते
आणि दर वळणाआधी दोनशे मीटर
ती मला असं सावध करते
जसा काही मी कालच या गावात उतरलोय.

आज पुडक्यात चष्मा आहे.
दोन्या आउक्सिलियादोरा सेकेइरा, वय ब्याऐंशी.
पत्ता तिनं चष्म्याशिवाय लिहिलेला,
ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या:
चिंच होती तिथून तळ्याकडे दोन चौक,
मग वर दीड,
बर्फाचा कारखाना होता त्याच्या समोर, हिरवं फाटक.

तळ्याकडे म्हणजे उत्तरेला.
वर म्हणजे सूर्य वर येतो तिकडे,
खाली म्हणजे तो जातो तिकडे.
एवढं तर फोनलाही शिकवता येईल.
पण ‘होती’?
ही होती कुठल्या अक्षांशावर टोचायची?

आपण पोचला आहात, बाई म्हणते.
समोर टायरचं दुकान. एक कुत्रं. कुणी नाही.
निळा ठिपका माझ्याभोवती धापा टाकतो.
मी फोन लावतो, दोन्या, मी टायरवाल्यापाशी उभा आहे.
कुठला टायरवाला? तिथं तर सिनेमा आहे.
मग जरा थांबून,
म्हणजे, भूकंपात पडला तो. बाहत्तर साली.
तू असं कर बाळा, सिनेमाकडे पाठ कर
आणि चालू लाग. डावीकडून मक्याच्या भाकरीचा वास येईल.

आला.

ती भाजणारी आहे ना, तिला विचार,
तिचे माझ्याकडे चाळीस कोर्दोबा राहिलेत,
तिला माझं घर तोंडपाठ आहे.

शक्य तेव्हा मागे फिरा, खिशातून बाई म्हणाली.
शक्य तेव्हा मागे फिरा.
भाकरीवाली हसली. पिठाच्या हातानं दाखवलं,
ते बघ.

हिरवं फाटक निळं होतं.
रंगवून अकरा वर्षं झाली, दोन्या म्हणाली,
पण म्हणून काय पत्ता बदलायचा?

चष्मा चढवून तिनं आधी मला पाहिलं,
फार काही हाती लागलं नसावं,
मग माझा फोन मागून घेतला.
हे आपलं गाव? इतकं मोकळं?
आणि हा ठिपका कोण?
मी.
आणि मी कुठाय?
तुम्ही नाही दिसत यात.
खरंय, ती म्हणाली, मला कुठं जायचंय.

चिंच कुठं होती ते दाखवायला
तिनं बोट ठेवलं, आणि उचललंच नाही.
कधी कोण पडलं होतं त्या झाडावरून,
कोणाचं लग्न मोडलं होतं त्याच्याखाली,
सगळं सांगून होईपर्यंत बोट तिथंच.
उचललं तेव्हा खाली लाल खूण उगवलेली.
फोन विचारत होता, या जागेला नाव द्यायचंय?
मी दिलं. चिंच.
कंपनीकडे पाठवूनही दिलं, गंमत म्हणून.

रात्री उत्तर आलं,
या ठिकाणी असं काही आढळलं नाही.
बरोबरच आहे, कुणाशी भांडणार.
खूण माझ्या एकट्याच्या नकाशावर राहिली.

आता त्या चौकात आलो की
माझा हात आपोआप ब्रेकवर जातो,
मान थोडी खाली जाते,
जशी खालच्या फांदीशी जावी.
मागचा ट्रकवाला शिव्या घालतो.
बाई म्हणते, सरळ जात राहा.